चार नंबर रुसली

१ सप्टेंबर, सोमवार

नवं सत्र, नवी वही, नवा मी. ही रोजनिशी कोणालाही दाखवायची नाही. आमच्या गाईड मॅडमचं म्हणणं असं की संशोधकाने दुसऱ्यांकडे बघता बघता स्वतःकडेही बघत राहावं आणि आपले पूर्वग्रह लिहून काढावेत. ह्याला रिफ्लेक्सिव्हिटी म्हणतात. मला फारसे पूर्वग्रह नाहीत, त्यामुळे रोज पाव पान पुरेल.

संकल्प: पहाटे उठून वाचन. फोन दुसऱ्या खोलीत. आपला चहाचा कप आपण विसळायचा, कारण माझा पहिला पेपरच 'घरातल्या न दिसणाऱ्या कामाचं राजकारण' ह्यावर आहे.

जेवताना दादाने पुन्हा विचारलं, तू नक्की शिकतोस काय? मी म्हणालो, मॅनेजमेंट, पण क्रिटिकली. म्हणजे मॅनेजर होणार? नाही. म्हणजे मॅनेजरला शिव्या देणार? मी म्हणालो, इतकं सोपं नाही ते. संस्थेत हुकूम कोणाचा चालतो, का चालतो आणि माणसं तो का चालवून घेतात, ह्याचा हा अभ्यास आहे. दादा बस चालवतो. म्हणाला, ह्याला फी कशाला भरलीस, आमच्या डेपोत सकाळच्या चहाबरोबर हे फुकट शिकवतात. वहिनी हसली. मी दोघांनाही मनातल्या मनात माफ केलं.

२ सप्टेंबर, मंगळवार

उठायला जरा उशीर झाला. पहिल्याच दिवशी शरीराला धक्का देऊ नये. कप वहिनीने नेला. मी उठणारच होतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडमनी विचारलं, तुमचं फील्डवर्क कुठे? वर्गात सगळ्यांना जागा मिळाल्या आहेत. एकीला बँक, एकाला कॉल सेंटर. मी म्हणालो, दोन-तीन संस्थांशी बोलणी चालू आहेत. खरं तर एकाही संस्थेला फोन केलेला नाही. पण मनात बोलणी चालू आहेत, हे खोटं नाही.

संध्याकाळी वहिनीजवळ सहज विषय काढला. ती एका मोठ्या लाँड्रीत काम करते. हॉटेलांच्या आणि हॉस्पिटलांच्या चादरी तिथे धुऊन, इस्त्री होऊन, घड्या होऊन जातात. ती म्हणाली, विचारून बघते साहेबांना. मी म्हणालो, काही घाई नाही. जीव भांड्यात पडला.

९ सप्टेंबर, मंगळवार

लाँड्री मिळाली! मॅनेजरची एकच अट. शेवटी त्याला एक छोटं प्रेझेंटेशन द्यायचं, मला काय काय दिसलं त्याचं. मॅडम म्हणाल्या, अशी अट बरेचदा असते, पण जपून. खालची माणसं विश्वासाने जे दाखवतील ते वरच्या मजल्यावर जाता कामा नये. हे मला सांगावं लागावं ह्याचं जरा वाईट वाटलं. सहा वर्षं मी कंपनीत एचआरमध्ये काढली आहेत. गुप्तता माझ्या रक्तात आहे. (ती नोकरी वैचारिक मतभेदांमुळे सोडली. प्रमोशन ज्याला मिळालं त्याचे विचार मला पटत नव्हते.)

१५ सप्टेंबर, सोमवार

फील्डचा पहिला दिवस. भयंकर उकाडा. वाफ इतकी की चष्मा सारखा पुसावा लागतो. एका टोकाला धुलाईची मशिनं, मधे ढकलगाड्यांची रांग, आणि दुसऱ्या टोकाला चार नंबर. चार नंबर म्हणजे रोलरची इस्त्री, एखाद्या खोलीएवढी रुंद. एका बाजूने दोघीजणी ओली चादर आत घालतात, दुसऱ्या बाजूने ती कडक होऊन बाहेर येते आणि तिथे दोघीदोघी मिळून घड्या घालतात. दिवसभर उभ्याने. बसायला स्टूल नाही. मॅनेजरचं म्हणणं, बसलं की वेग जातो. वहीत लिहून घेतलं: शरीरावरचं नियंत्रण!!

वहिनीने सगळ्यांना सांगितलं, हे आमचे भाऊजी, शिकतायत. दुपारपर्यंत मी सगळ्या लाँड्रीचा भाऊजी झालो होतो. एक मावशी आहेत, सगळ्यांत वयस्क, गुडघे धरलेले, उभ्या असतानाही एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत असतात. आणि एक आहे तिला सगळ्या रेडिओ म्हणतात, कारण ती सकाळी सुरू होते ती सुटीच्या भोंग्यालाच बंद होते. मला तिने तासाभरात तिच्या तिन्ही जावांची कुंडली सांगितली. ह्याला 'रिच डेटा' म्हणतात.

१७ सप्टेंबर, बुधवार

पहाटेच्या वाचनाचा संकल्प तूर्त स्थगित. फील्डमध्ये असताना पुस्तकं वाचली तर नजर दूषित होते.

२२ सप्टेंबर, सोमवार

आज जे पाहिलं ते जेवायच्याही आधी लिहून काढतो आहे.

दुपार कलली की लाँड्रीत कोणीतरी हळूच म्हणतं, चार नंबर रुसली. आणि चार नंबर खरंच थांबते. आज मी शेजारीच उभा होतो म्हणून दिसलं. रोलरच्या अलीकडे एक आडवी पट्टी आहे, कोणाची बोटं आत जाऊ नयेत म्हणून. पट्टीला धक्का लागला की रोलर बंद. परत चालू करायचं तर आधी गार होऊ द्यायचं, मग पुन्हा तापवायचं. चादर घालता घालता वहिनीने पट्टीला कंबरेने एक हलकासा धक्का दिला. इतका हलका, की जसं कोणी गर्दीत सरकून जागा करून द्यावी. मग सगळ्याजणी गाठोड्यांवर बसल्या. मावशींनी पाय लांब केले आणि डोळे मिटले. रेडिओने पिशवीतून बिस्किटं काढली. मलाही चहा मिळाला. इस्त्री तापेपर्यंत गप्पा, मग सगळ्या उठल्या. रोज पाळीपाळीने एकजण धक्का देते. वरच्या मजल्यावर सगळ्यांना वाटतं, मशीन जुनं झालंय.

रेझिस्टन्स! प्रतिकार! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (वाफही होती.) पुस्तकांत लोक ह्यावर वादविवाद करत बसलेत आणि माझी सख्खी वहिनी कंबरेने सत्तेला धक्का देते आहे. माझा थिसिस इथेच आहे.

घरी येताना वहिनी म्हणाली, भाऊजी, हे तुमच्याजवळच राहू दे हं. तुम्ही असताना चार नंबर रुसवायचीच नाही असं बायकांचं ठरत होतं. मीच म्हटलं, आमच्या भाऊजींच्या पोटात गेलं की गेलं. मी म्हणालो, वहिनी, काय बोलणं हे! आपल्याच माणसांवर असा संशय? मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं.

३० सप्टेंबर, मंगळवार

डेटा भरपूर. वाचन शून्य. मावशींचं एक गाठोडं उचलून गाडीवर ठेवलं तर त्यांनी दिवसभर माझं कौतुक केलं. संशोधकाने खालच्या माणसांत मिसळावं ते असं.

टेबलावर कप दोन. नंतर एकदमच विसळावेत, पाणी वाचतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

परवा मॅनेजरपुढे प्रेझेंटेशन. स्लाइड्स झाल्या. चार नंबरबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, हे ठरलेलं आहे. त्याची एक स्लाइड केली आहे, पण ती मॅडमना दाखवण्यासाठी. मॅनेजरपुढे ती 'हाइड' असेल. शिवाय त्यात सगळं अनामिक केलंय: 'यंत्र क्ष', 'कामगार अ', 'कामगार ब'. यंत्राचं चित्र मी स्वतः काढलं आहे, पट्टीसकट. छान आलंय. त्याच्या शेजारची खिडकीसुद्धा दाखवली आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

प्रेझेंटेशन उत्तम झालं. मॅनेजर खूपच समजूतदार माणूस निघाला.

९ ऑक्टोबर, पुन्हा

नीट लिहून काढतो. रिफ्लेक्सिव्हिटी.

मॅनेजरने केबिनचं दार लावून घेतलं, कॉफी मागवली, सर म्हणाला. नोकरी सोडल्यापासून दोन वर्षांत मला कोणी सर म्हटलेलं नाही. मी नियंत्रणावर बोललो, स्टूल नसण्यावर बोललो, नजरेच्या सत्तेवर, म्हणजे सतत कोणीतरी बघतंय ह्या धाकावर बोललो. तो मान डोलवत होता, लिहूनही घेत होता. मग म्हणाला, सर, म्हणजे तुमच्या मते माझं नियंत्रण अगदी पूर्ण आहे? कोणी काही चुकारपणा करत नाही? मग मी मॅनेजर म्हणून चांगलाच म्हणायचा की!

आता हे मला कसं सहन व्हावं? माझा अख्खा थिसिस असा आहे की सत्ता कधीच पूर्ण नसते. जिथे सत्ता तिथे प्रतिकार. हा माणूस हसत हसत माझं सिद्धांतन मोडीत काढत होता. मी म्हणालो, असं नाही. तो म्हणाला, पुरावा? आणि मी ती स्लाइड उघडली.

फक्त सिद्धांतासाठी उघडली. नाव एकही नव्हतं. त्याने चित्र बराच वेळ बघितलं. मग उठून हात हातात घेतला आणि म्हणाला, आजवर इथे कितीतरी कन्सल्टंट येऊन गेले, पण माझ्या उपयोगाचं बोलणारे तुम्ही पहिले.

झोप येत नाही. कॉफी जास्त स्ट्राँग असावी.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

शांतपणे विचार केला. 'यंत्र क्ष' म्हणजे चार नंबर हे त्याला कळण्याचं काही कारण नाही. लाँड्रीत पुष्कळ यंत्रं आहेत. पट्टी असलेलं एकच आहे, पण हे त्याच्या लक्षात यायला त्याने खाली उतरायला हवं. मॅनेजर खाली उतरत नाहीत, हे तर माझंच निरीक्षण आहे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मॅनेजर खाली उतरला. सोबत मेकॅनिक.

१५ ऑक्टोबर, बुधवार

चार नंबर आता रुसत नाही. मेकॅनिकने असं काही केलं आहे की पट्टीला धक्का लागला तर रोलर थांबतात, पण उष्णता तशीच राहते. हिरवं बटण दाबलं की लगेच चालू. आणि मशीन थांबलं की वर केबिनमध्ये लाल दिवा लागतो. नजरेच्या सत्तेवरची माझी स्लाइड त्याने नीट लक्ष देऊन ऐकली होती, एवढं खरं.

वहिनी घरी आली ती चपलाही न काढता खुर्चीत बसली. पाय सुजलेले. दादाने बादलीत गरम पाणी आणून दिलं. मी टॉवेल आणून दिला. कधी नव्हे ते टॉवेल दिला म्हणून वहिनीने माझ्याकडे असं कौतुकाने बघितलं की मला तिथे थांबवेना. खोलीत येऊन वाचायला बसलो. एक ओळ डोक्यात शिरेल तर शपथ.

उद्या सांगून टाकायचं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज लाँड्रीत वातावरण ठीक नव्हतं. उद्या नक्की.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवताना वहिनी म्हणाली, कोणीतरी वर जाऊन सांगितलंय. मेकॅनिक थेट त्या पट्टीपाशीच गेला, इकडे तिकडे बघितलंसुद्धा नाही. दादा म्हणाला, असेल कोणीतरी फितूर. वहिनी म्हणाली, कोणीतरी कशाला, रेडिओच. गेल्या आठवड्यात ती वरच्या क्लार्कबाईबरोबर कॉफी पीत बसली होती, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, नाही का हो भाऊजी? तुम्ही तर बघितलंय तिला.

मी 'हं' म्हणालो.

'हं' हा शब्द नाही. 'हं' म्हणजे ऐकतोय एवढाच अर्थ. मुलाखत घेताना समोरच्याचं बोलणं तोडू नये म्हणून संशोधक 'हं' म्हणतात, हे पद्धतीच्या पुस्तकात आहे.

भात ताटात तसाच टाकून उठलो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पद्धतीचं पुस्तक पुन्हा काढलं. त्यात स्पष्ट दिलं आहे की संशोधकाने फील्डमध्ये ढवळाढवळ करू नये. मी आत्ता कबुली दिली तर ती ढवळाढवळ होईल. डेटा बिघडेल. प्रबंध दिल्यानंतर लगेच सांगायचं, असा निर्णय घेतला आहे. नैतिकदृष्ट्या हाच कठीण मार्ग आहे.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

कँटीनमध्ये रेडिओशेजारची खुर्ची रिकामी असते. ती बसली की दुसऱ्या टेबलावर जागा आहे का ते बघून बायका तिकडे जातात. कोणी भांडत नाही, टोमणाही मारत नाही, फक्त बोलत नाहीत. तिला घड्या घालायलासुद्धा जोडीदार उरत नाही, पर्यवेक्षकाने हुकूम केला तरच कोणी उभी राहते. आज ती डबा उघडून बसली होती आणि तोंडातून चकार शब्द नाही. मी दुरून बघितलं. मग मला एक मेल पाठवायचा होता म्हणून बाहेर गेलो.

ती जावांबद्दल बोलायची तेव्हा किती कंटाळायचो मी.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मावशींनी काम सोडलं. दुपारचं ते थोडं बसणं होतं त्यावरच त्यांचे गुडघे दिवस काढत होते, असं वहिनी म्हणाली. निरोप द्यायला कोणाला थांबता येईना, कारण लाल दिवा. म्हणून सुटीनंतर गेटवर सगळ्या जमल्या. रेडिओ लांब रस्त्याच्या पलीकडे उभी होती. मावशी सगळ्यांना भेटल्या, तिला नाही.

मला भेटल्या. माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, खूप शिका हो भाऊजी. आमच्यासारख्यांवर कोण लिहितंय? तुम्ही लिहिताय.

घरापर्यंत चालत आलो. वाटेत तीनदा परत फिरलो. मला लाज वाटते. आणखी काय लिहू, लाज वाटते.

३० ऑक्टोबर, गुरुवार

कालची नोंद फार भावनिक झाली आहे. मावशींचे गुडघे माझ्या येण्याच्या आधीपासून दुखत होते, हे माझ्या पहिल्या दिवसाच्या नोटमध्येच आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमना चॅप्टर दिला होता. शीर्षक: 'यंत्राचा रुसवा: दैनंदिन प्रतिकाराची घडण'. मॅडम खूश. म्हणाल्या, ह्या सत्रातलं सगळ्यांत जिवंत लेखन. मी विनयाने खाली बघितलं. मग त्यांनी विचारलं, पुढे काय झालं? मी म्हणालो, साइटवर काही तांत्रिक बदल झाले. त्या म्हणाल्या, हो, पण मॅनेजमेंटला कळलं कसं? मी म्हणालो, त्यामागे अनेक रचनात्मक कारणं आहेत.

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हणालो, मला बस पकडायची आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

बस्स. आता पुरे. उद्या वहिनीला सगळं सांगायचं. भाषण तयार केलं. आधी संदर्भ मांडायचा, मग ज्ञाननिर्मितीत सगळेच कसे नकळत सामील असतात ते सांगायचं, मग मॅनेजरने मला वादात कसं ओढलं ते, आणि त्या ओघात शेवटी प्रत्यक्ष घटना. आरशासमोर म्हणून बघितलं. 'घटना' येईपर्यंत मलाच माझी दया आली.

५ नोव्हेंबर, बुधवार

वहिनी जेवता जेवताच पेंगली. दादाने हळूच ताट काढून घेतलं आणि मला बोटाने गप्प बस अशी खूण केली. भाषण खिशातच राहिलं. कप आता पाच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ठरवलं की लाँड्रीतच सांगायचं. सगळ्या असतील, रेडिओही असेल, एकदाच काय ते होऊन जाईल. वेळही ठरवली. दुपार कलते तेव्हा, चार नंबर रुसायची त्या वेळेला. सगळ्या निवांत बसलेल्या असतात तेव्हा.

तिथे पोहोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. निवांत कोण बसणार? चार नंबर चालूच होती. ती थांबायची ती वेळ मीच संपवली आहे आणि त्याच वेळेला मी कबुली द्यायला गेलो! भाषण हातात घेऊन मशीनच्या आवाजात उभा राहिलो. मी ओरडून म्हणालो, मला सगळ्यांशी बोलायचंय. कोणी मान वर केली नाही. चादरी येतच होत्या. एक पडली की मागची तिच्यावर पडते, मग गुंता, मग थांबा, मग लाल दिवा.

वहिनीची जोडीदारीण पाणी प्यायला गेली होती. वहिनी म्हणाली, भाऊजी, बोलायचंय तर आधी हे टोक धरा.

टोक धरलं. दोघांनी दोन-दोन टोकं धरून मागे जायचं, झटका द्यायचा, मग एकमेकांकडे चालत यायचं आणि टोकाला टोक मिळवायचं. समोरासमोर येतो तेवढ्यापुरतंच बोलणं ऐकू येतं. लगेच मागे. मी पहिल्या भेटीत सुरुवात केली, वहिनी, ज्ञाननिर्मितीच्या प्रक्रियेत. मागे. दुसऱ्या भेटीत, म्हणजे मॅनेजरने मला असं विचारलं की. मागे. ती म्हणाली, घडी वाकडी येतेय. नवी चादर. भाषण कुठेतरी खाली पडलं, गाडीच्या चाकाखाली गेलेलं दिसलं.

पुन्हा समोरासमोर आलो. तिच्या कपाळावरचा घाम नाकावर ओघळला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी म्हणालो, मशीनचं मी सांगितलं.

मागे. झटका. चालत आलो. तिने टोकं घेतली. दुसरी चादर. मागे. झटका. चालत आलो. मला वाटलं तिला ऐकूच आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मनात म्हटलं, बरं झालं. तेवढ्यात ती म्हणाली, रेडिओला माहीत आहे?

मी नाही अशी मान हलवली. पुढच्या भेटीत ती म्हणाली, आणि तुम्ही 'हं' म्हणालात.

मग तिने माझ्या हातातून चादर काढून घेतली आणि पलीकडे बोट केलं. रेडिओ एकटीच मोठ्या चादरीशी झटत होती, दोन टोकं हातात, दोन हनुवटीखाली. मी जाऊन टोकं धरली. समोर आल्यावर सांगितलं, मी सांगितलं होतं वर, तुमचं नाव उगाच आलं. रेडिओने माझ्याकडे बघितलं. मी तयार होतो, शिव्या खायला, थप्पड खायला. ती काहीच बोलली नाही. रेडिओ, आणि काही बोलली नाही. सुटीच्या भोंग्यापर्यंत मी तिच्याबरोबर घड्या घातल्या. 

८ नोव्हेंबर, शनिवार

दादाकडून कळलं. काल सकाळी वहिनीने गेटवर सगळ्यांना थांबवून सांगितलं की बातमी माझ्याच घरातून गेली, मीच हमी दिली होती. रेडिओची सगळ्यांसमोर माफी मागितली. मग दुपारी कँटीनमध्ये बायका रेडिओच्या टेबलावर गेल्या आणि वहिनी एकटी बसली. दादा म्हणाला, थोड्या वेळाने रेडिओ आपला डबा उचलून हिच्याजवळ आली आणि नको तितकं बोलली. तिन्ही जावांचं सगळं. हे सांगताना दादा हसला नाही. मी विचारलं, वहिनी माझ्याबद्दल काही म्हणाली? दादा म्हणाला, नाही. तेच तर.

मॅनेजरला मेल केला, दिवा काढा म्हणून. चांगला कडक मेल लिहिला. उत्तर लगेच आलं: सर, तुमच्या सूचनांबद्दल आभारी आहोत, घड्यांच्या टेबलाचंही काही सुचवता का?

१० नोव्हेंबर, सोमवार

मॅडमना सगळं सांगितलं. भाषण नाही, सरळ. त्या म्हणाल्या, हे प्रबंधात यायला हवं, पण आधी त्या बायकांना विचारा. त्यांची हरकत नसेल तरच. आणि मावशींना भेटा.

'प्रबंधात यायला हवं.' मॅडम कधी असं म्हणत नाहीत. जिना उतरताना बऱ्याच दिवसांनी पाय हलके वाटले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मावशींकडे ह्या आठवड्यात जायचं. पत्ता वहिनीकडे आहे. वहिनीकडे मागायचा धीर झाला की लगेच.

वहिनी ताट वाढते. काय शिकलात आज, असं विचारत नाही. जेवायला हाकही मारत नाही, नुसता ताट ठेवल्याचा आवाज होतो. भाऊजी हा शब्द ह्या घरात गुरुवारपासून कोणी उच्चारलेला नाही. मी उठून स्वतः पाणी घेतो. तेवढं तरी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज वहिनी माझ्या खोलीच्या दारात आली. मी चटकन उभा राहिलो. ती म्हणाली, एक विचारायचं होतं. हे जे झालं, रेडिओचं, मावशींचं, माझं, चादर धरून तुम्ही बोललात ते, ह्याच्यावरही लिहिणार आहात का?

मी म्हणालो, नाही. छे! अजिबात नाही.

ती बरं म्हणाली आणि गेली. टेबलावरच्या कपांकडे तिने बघितलं, पण एकही उचलला नाही. मला रडू आलं. खरंच आलं, वाफ नव्हती. आता ह्या माणसांबद्दल एक शब्द लिहायचा नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नुसती टिपणं काढून ठेवतो आहे. स्वतःसाठी. मॅडम म्हणाल्याच होत्या की स्वतःकडे बघावं. शीर्षक आपोआप सुचलं: 'चादरीची चार टोकं: एका कबुलीची पद्धतशीर चिकित्सा'. सकाळी लवकर उठून बसलो, फोन दुसऱ्या खोलीत ठेवला, आणि ह्या सत्रात पहिल्यांदाच सलग चार पानं झाली. वहिनीला 'कामगार अ' केलं आहे.

मग चहा करायला स्वयंपाकघरात गेलो. पाणी उकळलं, पण घरात एकही कप सापडेना. सगळे माझ्याच टेबलावर होते.